जिरली का?

आमच्याकडे अंगावर कुठेही गाठ आली की पहिला प्रश्न असतो, दुखते का? नाही म्हटलं की लोक निर्धास्त होतात. "मंग चरबीची हाय," म्हणतात आणि चहा पुढे सरकवतात. बाबांच्या पाठीवर तशी एक आहे, बनियनमधून उठून दिसते. मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, कपाळावर एक आहे, तिच्यावरून त्यांना लग्नाच्या गर्दीतही लांबून ओळखता येतं. चरबीची गाठ आमच्या घराण्यात नाकासारखी, उंचीसारखीच असते.

माझी पहिली गाठ डाव्या दंडावर आली, खांद्याच्या जरा खाली. वरून काही दिसत नव्हतं. हात फिरवला तर कातडीच्या आत, बरीच खोल, सुपारीसारखं काहीतरी बोटाला लागायचं.

"दुखते का?" आईनं विचारलं.

"थोडी."

"थोडी म्हंजे चरबीचीच."

आईचं माहेर अल्लीपूरचं. तिथे माझी मोठी मावशी राहते, आईची थोरली बहीण, आणि आमच्या घरातल्या सगळ्या दुखण्यांचा निकाल फोनवर तिच्याकडेच लागतो. मावशीनं सांगितलं, एरंडाचं पान तव्यावर गरम करायचं, तिळाचं तेल लावायचं, आधी अंगठ्यानं गाठ चोळायची, मग पान बांधायचं. हिवाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी आई मला तव्याजवळ बसवायची. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, दिवसभर खिडकीआडून विद्यार्थ्यांशी बोलते, आणि घरी आल्यावर मला फार बोलावं लागू नये असं वाटतं. आईच्या त्या चोळण्यात बोलावं लागत नसे. तेल गरम असायचं. मी मुकाट्यानं बसायचे.

गाठ कमी होऊ लागली. होळीच्या आसपास ती बोटाला लागेनाशी झाली.

"जिरली!" आई म्हणाली. तिचा चेहरा असा झाला की जणू मला कुठलंतरी बक्षीस मिळालं. तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं, मावशीला सांगितलं. माहेरच्या मातामायला नारळ बोलली होती, तो जाऊन फोडून आली. मातामायचं देऊळ म्हणजे अल्लीपूरला गावाबाहेर लिंबाखालचा एक ओटा आणि शेंदूर लावलेले दगड, पण आईचा तिच्यावर दवाखान्यापेक्षा जास्त भरवसा.

मग तिनं बाबांची पाठ हातात घेतली. तेच पान, तेच तेल, तोच अंगठा. बाबा पालथे पडून कण्हायचे. महिना उलटला तरी त्यांची गाठ होती तशीच.

"माझी काही जिरत नाही," बाबा म्हणाले.

"तुमची तं मी लग्न झाल्यापासून जिरवून राह्यली," आई म्हणाली. "जिरते कुठं?"

आम्ही तिघंही हसलो. बाबांची का जिरत नाही, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही.

उन्हाळ्यात मी कुर्ते शिवायला टाकले. शिंपीणबाईंनी घालून बघायला सांगितलं तर डावी बाही ढिली. त्यांनी उसवून पुन्हा शिवली, पुन्हा ढिली. "एकाच बाहीत झोल येऊन राह्यला, ताई," त्या वैतागून म्हणाल्या. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. गाठ होती तिथे आता खड्डा होता. कातडी धड होती, रंग जरासा काळपट, पण खालचं काहीतरी काढून घेतल्यासारखी आत बसली होती. बोट ठेवलं तर बोटाला बसायला जागा झाली होती.

मी कोणाला सांगितलं नाही. उरलेल्या कुर्त्यांना लांब बाह्या लावून घेतल्या.

गालावरची गाठ पावसाळ्यात आली. तीही डावीकडेच, गालाच्या हाडाखाली. सुरुवातीला भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. वर्ध्यात स्कूटी चालवणाऱ्या मुली बाराही महिने चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून फिरतात, डोळे तेवढे उघडे. त्यामुळे घर ते ऑफिस मला कोणी बघत नव्हतं. ऑफिसात मी मास्क लावायला लागले. सर्दी आहे म्हणायचे. इतके दिवस कोणाची सर्दी राहते, असं कोणी विचारलं नाही. माझ्याशी मुळात कोणी तेवढं बोलत नाही.

आईला मात्र लगेच दिसली. ती घाबरलीही नाही. "हे तं मी जिरवून टाकीन," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी फोनवर मावशीच्या साक्षीनं तिनं मातामायला नवस बोलला. पोरीच्या तोंडावरची गाठ जिरव, मी खण-नारळानं तुझी ओटी भरीन.

चेहऱ्यावर पान बांधायला मी नाही म्हणाले. तेल लावू दिलं. आई चोळायची आणि मी डोळे मिटून दंडावरच्या खड्ड्याचा विचार करायचे. काही आठवड्यांत गाठ सुपारीएवढी झाली आणि वरची कातडी जांभळट लाल दिसायला लागली. तेव्हा बाबा म्हणाले, आता दवाखान्यात दाखवायचं.

मोठ्या दवाखान्यातली कातडीची डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. इकडची नव्हती, हिंदी-मराठी मिसळून बोलायची. तिनं गाल पाहिला आणि विचारलं, "आणखी कुठे?" मी आईकडे पाहिलं आणि बाही वर केली. आई तो खड्डा पहिल्यांदा बघत होती. डॉक्टरनं खड्ड्याच्या भोवती बोटं फिरवली. वरच्या बाजूला एक नवीन बारीक गाठ होती, ती मलाही माहीत नव्हती. चेहऱ्याला टाके नकोत म्हणून तिथूनच तपासणीचा तुकडा घेतला, खोलवरून.

रिपोर्ट इंग्रजीत होता. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. चुलत भावंडं चिडवतात, तुही मराठी तं बातम्या वाचल्यासारखी हाय. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तो कागद वरून खालपर्यंत वाचला. बाजूला आई पर्स मांडीवर धरून बसली होती.

"काय लिहिलं हाय?"

"डॉक्टर सांगतील."

"तुले वाचता येत नाई का?"

वाचता येत होतं. कागदावरचं मराठीत तिच्यापर्यंत कसं न्यावं, ते मला येत नव्हतं.

डॉक्टरनं सांगितलं. लुपस नावाचा आजार आहे. त्यात शरीर आपल्याच अंगावर उठतं. कोणाच्या सांध्यांवर, कोणाच्या किडनीवर. माझ्या रक्ता-लघवीच्या तपासण्या ठीक होत्या. माझ्यात ते कातडीखाली जो चरबीचा थर असतो, त्याच्यावर उठलं होतं.

"चरबीचीच गाठ म्हना ना," आई म्हणाली. तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

"नाही आई. चरबीची गाठ वेगळी. ही चरबीलाच सूज आहे."

"हिच्या अंगात चरबी हाय कुठं, मॅडम? काही खात नाई हे."

डॉक्टर हसली. मग पेन ठेवून तिनं हळू सांगितलं. सूज असते तोवर गाठ लागते. सूज उतरली की गाठ जाते, पण जाताना खालची चरबी खाऊन जाते. मग तिथे खड्डा राहतो. दंडावर झालं ते तेच.

आई माझ्या दंडाकडे बघत राहिली. "म्हंजे ते जिरली नोती?"

"जिरली म्हणजे?" डॉक्टरनं मला विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं.

"हो, तेच," डॉक्टर म्हणाली. "जिरलीच. सगळंच जिरलं."

औषधं लिहून होत आली तेव्हा आईनं विचारलं, "मी चोळलं म्हनून झालं का?"

"नाही, तुमच्यामुळे नाही झालं. हा आजार आतून येतो. पण आता चोळू नका, दाबू नका. मार लागला, दाब पडला की असल्या ठिकाणी वाढू शकतं."

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं आईनं घरी आणलं. मी तिला पहिलं वाक्य किती वेळा सांगितलं. ती मान हलवायची. त्या दिवसानंतर तिनं तेलाची वाटी तव्याजवळून उचलून देवघराखाली ठेवून दिली आणि माझ्या अंगाला हात लावायचं सोडलं. वेणी घालतानाही ती फक्त केस धरायची.

आता प्रश्न एवढाच होता की गालाचं काय होणार. गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या डोळ्यांना सोसतात की नाही यासाठी डोळ्यांची तपासणी झाली. उन्हात जायचं नाही, गेलं तर लोशन, छत्री, स्कार्फ. आमच्या गावात उन्हात जायचं नाही म्हणजे काय करायचं, ते डॉक्टरलाही माहीत नसावं, ती सांगताना खिडकीबाहेर बघत होती. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणाली. मी विचारलं, त्याच्या आधी गाठ गेली तर? "बघू," ती म्हणाली. "लवकर सापडलं तर कधी कधी खड्डा पडत नाही. कधी पडतो. आपण बघायचं."

म्हणजे गाठ सावकाश, औषधानं विझावी, घाईनं जिरू नये. घरात आम्ही तिघं एका गाठीनं टिकून राहावं म्हणून वाट बघत होतो, आणि बाकी सगळं जग ती जावी म्हणून. शेजारच्या काकू कपडे वाळत घालताना भिंतीवरून विचारायच्या, "जिरली का व पोरीची गाठ?"

"नाई, हाय अजून," आई म्हणायची, ताप उतरल्याचं सांगावं तशा आवाजात.

"अरे माय," काकू हळहळायच्या.

एक दिवस आई पोळ्या लाटता लाटता थांबली. "मातामायले तं मी जिरव म्हनलं हाय," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. नवस बोलून ठेवला होता आणि देवीला कोणी सांगितलं नव्हतं की आता आम्हाला उलटं हवं आहे.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अगं, असं काही नसते." पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुढच्या रविवारच्या एसटीची वेळ विचारून आणली.

अल्लीपूरला मावशीच्या ओसरीत कापूस पडला होता, बाया तो नीट करत बसल्या होत्या. मावशीनं आम्हाला आत नेलं, माझा चेहरा दोन्ही हातांनी धरायला आली, आई ओरडली, "हात नोको लावू!" मावशीनं हात मागे घेतले. मग सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नवस वापस घेता येते का व कुठं? किराना हाय का तो, बदलून द्या म्हनाले?"

"मले काय माहीत होतं? मी तं चांगलंच मागतलं."

"मंग आता काय सांगशीन तिले?"

"सांगीन, माहं चुकलं. जिरवू नोको म्हनून."

"आन् ते म्हनन, हे बाई कधी काय मागते, कधी काय. हिले काहीच देऊ नोका."

"ताई!" आईचा आवाज फाटला.

मावशी जरा नरम झाली. माझ्याकडे वळली. "तू सांग व, तू शिकेल हायस. नवस वापस घ्याले इंग्रजीत काय म्हनते?"

"तसं काही नसतं, मावशी."

"पाह्य," मावशी आईला म्हणाली. "इंग्रजीतही नाई."

तरी आम्ही गेलो. दुपार टळायची वाट बघितली, उन्हासाठी. मी स्कार्फ गुंडाळला, वर छत्री. आईच्या हातात नारळ होता आणि तो घेऊन काय करायचं हे आम्हा तिघींतल्या कोणालाच माहीत नव्हतं. नवस पुरा झाला तर नारळ फोडतात. परत घ्यायचा असेल तर? आई ओट्यासमोर उभी राहिली. ती देवाशी नेहमी मनात बोलते, पण त्या दिवशी मोठ्यानं बोलली, बहुतेक नीट ऐकू जावं म्हणून.

"माय, मले समजलं नोतं. मी जिरव म्हनली. जिरवू नोको. राहू दे तशीच. हळूहळू जाऊ दे, मंग जाऊ दे." ती थांबली. मग डॉक्टरचं जमेल तेवढं सांगितलं. "चरबीले सूज हाय ते. चरबी खाऊन टाकते."

मावशी मागे उभी राहून पदरानं वारा घेत होती. तिनं एकदाही टोकलं नाही. मी छत्रीखाली उभी होते. मला लाज वाटत होती, कोणी बघेल अशी, आणि तिथून पळून जावं असंही वाटत होतं. पण आई दगडांना माझा आजार समजावून सांगत होती, आणि मी रिपोर्ट वाचूनही तिला इतकं सोपं करून सांगू शकले नव्हते. नारळ तिनं न फोडता तसाच ओट्यावर ठेवला.

दिवाळी गेली. मी गोळ्या चुकवल्या नाहीत. रोज सकाळी दात घासताना जीभ गालाच्या आतून लावून बघायचे. गाठ होती. कडा होत्या. मी खूश व्हायचे आणि ऑफिसला जायचे.

मग कडा बोथट झाल्या. मला वाटलं, औषधाचा गुण. मऊ होतेय म्हणजे विझतेय. मी कोणाला बोलले नाही. आईलाही दिसत असणार, कारण ती चहा देताना माझ्याकडे बघेनाशी झाली. काही दिवसांनी जिभेला गाल लागला तो पातळ लागला. बाहेरून बघितलं तर हाडाखाली सावली पडल्यासारखं दिसत होतं. दिव्याची जागा बदलून बघितली. सावली हलली नाही.

एका बारशात बाबांच्या नात्यातल्या एका काकूंनी मला बिनमास्कची पकडलं. "माय व! किती मस्त खळी पडते तुले. पयले नोती ना?" त्यांनी त्यांच्या सुनेला बोलावून दाखवली. मी तोंड मिटून उभी राहिले. न हसताही ती दिसत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आई पलीकडे पंगतीत भात वाढत होती. तिनं ऐकलं, आणि भाताचं भांडं घेऊन दुसऱ्या ओळीकडे गेली.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. आई कणीक मळत होती म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"कशी हाय पोरगी? जिरली का?"

आईचे हात कणकीत थांबले. "हो," ती म्हणाली.

मावशीच्या तिकडे कोणाचातरी रेडिओ चालू होता. "मंग आता ते... खणा-नारळाचं..." मावशीनं सुरू केलं आणि मध्येच सोडलं. "राहू दे. मी मंग बोलते."

पुढच्या तपासणीला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरनं गाल पाहिला, दंड पाहिला, मांड्या, पाठ, सगळीकडे हलक्या बोटांनी चाचपलं. नवीन काही नव्हतं. आजार शांत आहे, ती म्हणाली. गोळ्या चालू ठेवायच्या, दुसरीकडे उठू नये म्हणून. तिला हे सांगताना आनंद झाला होता आणि मला तो मोडावासा वाटत नव्हता.

"आन् हे?" आईनं माझ्या गालाकडे बोट केलं, लांबूनच. "भरून येईन ना?"

"आपोआप नाही येणार, आई."

"मंग कशानं येईन?"

डॉक्टर म्हणाली, आजार बराच काळ असाच शांत राहिला तर पुढे कधीतरी विचार करता येईल. अंगातलीच दुसरीकडची चरबी काढून तिथे भरतात. पण ती टिकेल याची खात्री नाही, आणि सुईनं पुन्हा आजार उठू शकतो. आत्ता तर मुळीच नाही.

आई खुर्चीत पुढे सरकली. "माही घ्या ना मंग."

"काय?"

"चरबी. माही घ्या." तिनं पदर बाजूला करून आपला दंड हातात धरला, ब्लाउजच्या बाहीखालचं मांस चिमटीत उचलून दाखवलं, बाजारात वांगी दाखवावीत तसं. "माह्यात लय हाय. हिच्यात नाईच तं हिची कुठून काढसान?"

"दुसऱ्याची चालत नाही, आई. शरीर घेत नाही ती."

"दुसऱ्याची कुठं? मी माय हाय तिची."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन या अपेक्षेनं. बाहेर पुढचा नंबर पुकारला. मी फाईल उचलली, आईच्या खांद्याला हात लावला. ती उठली, पण दंड तिनं सोडला नव्हता.

व्हरांड्यातून फाटकाकडे जाताना ती माझ्या डाव्या बाजूनं चालत होती. "रक्त चालते," ती म्हणाली. "किडनी चालते. आई पोरीले किडनी देते, पेपरात येते. मंग चरबीच काऊन नाई चालत?"

"माहीत नाही, आई."

"तू वाचलं ना सगळं."

"वाचलं."

"मंग?"

मी स्कार्फ गुंडाळायला घेतला. फाटकापाशी ऑटोवाले ओरडत होते, स्टेशन, बसस्टँड. आई माझ्या उत्तराची वाट बघत तिथेच थांबली होती, आणि ऑटोवाला आम्हाला बसा म्हणत होता.